दाढदुखी आणि दवाखान्यातला मनस्ताप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवते. बाजाराच्या दिवशी समोर बसून आणि एरवी फोनवर लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. निम्मे प्रश्न दुखण्याबद्दल आहेत, निम्मे आमच्याच व्यवसायाने दिलेल्या मनस्तापाबद्दल. दुसऱ्या प्रकारचे मुद्दाम गाळलेले नाहीत. गालाला सूज, ताप, तोंड न उघडणं यांतलं काही असेल तर आधी प्रश्न ७ वाचा, बाकीचं नंतर.

१. दिवसभर दाढ गप्प असते आणि रात्री आडवं झालं की ठणकायला लागते. असं का?

दाढेच्या आत एक मऊ भाग असतो. आपण त्याला नस म्हणतो, पण त्यात रक्तवाहिन्याही असतात. बोटाला लागलं तर बोट सुजतं, कारण कातडी ताणली जाते. दाढेतल्या नसेला सुजायला जागाच नाही. चारी बाजूंनी टणक भिंती. वाढलेला सगळा दाब नसेवरच येतो. आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त जातं, दाब आणखी वाढतो आणि नाडीच्या ठोक्यागणिक ठणका बसतो. दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवल्यावर थोडं बरं वाटतं ते याच कारणाने.

२. थंड पाणी लागलं की सणक जाते. म्हणजे आता रूट कॅनालच का?

दरवेळी नाही. सणक दोन-चार सेकंदांत विरत असेल तर नस बहुधा शाबूत आहे. कीड साफ करून सिमेंट भरलं की भागतं. कधी कीडही नसते, हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलेलं असतं.

पण थंड लागून गेल्यावरही कळ अर्धा-एक मिनिट रेंगाळत असेल, काही न खाता आपोआप दुखत असेल, झोपेतून उठवत असेल, तर नस वाचण्यापलीकडे गेली असं आम्ही धरतो. एक हमखास खूण सांगते. गरम चहाने ठणका उठतो आणि गार पाण्याची चूळ तोंडात धरली की थांबतो. असे पेशंट पाण्याची बाटली हातात घेऊनच येतात. बाटली दिसली की माझं निम्मं निदान झालेलं असतं.

३. रात्रीचे अकरा वाजलेत, डॉक्टर सकाळी भेटणार. रात्र कशी काढू?

कोमट मीठपाण्याने गुळण्या करा, दोन दातांमध्ये अडकलेलं अन्न दोऱ्याने काढा (भाजीतला एक धागाही रात्रभर रडवतो), डोकं उंच ठेवा. शेक द्यायचाच तर गालावर बाहेरून गार पट्टीचा द्या. सुजेवर गरम शेक नको.

गोळीबद्दल. एरवी धडधाकट असलेल्या मोठ्या माणसाला आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम ही जोडी दाढदुखीवर चांगली चालते. जेवणानंतर घ्या, दोन वेळांमध्ये सहा तास जाऊ द्या, दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा नको. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेही हिशेबात धरा. मूत्रपिंडाचा आजार, पोटात व्रण, दमा, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गरोदरपण असेल तर आयबुप्रोफेन घेऊ नका. पावसाळ्यात सोबत ताप असेल आणि गावात डेंग्यू असेल तरीही नको, फक्त पॅरासिटामॉल. दुखणं थांबेना म्हणून दर दोन तासांनी गोळी घेणारे लोक मी पाहिले आहेत. दाढ शांत होत नाही ती नाहीच, पोट आणि मूत्रपिंड मात्र बिघडतात.

४. लवंगेचं तेल, मिश्री, धुरी यातलं खरं काय चालतं?

लवंग चालते, थोडा वेळ. तिच्यातल्या युजेनॉलने नस बधिर होते. आमच्या तात्पुरत्या सिमेंटला येतो तो वास त्याचाच. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब घेऊन तो खड्ड्यात ठेवायचा. हिरडीवर बाटली उपडी केली तर हिरडी भाजते. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेजवळ दाबून ठेवणाऱ्यांच्या गालाला आतून असाच पांढरा चट्टा पडतो.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. "दाढ दुखली तेव्हा सासूबाईंनी लावायला दिली" इथून सुरू झालेली सवय तीस वर्षांनी तोंडाच्या कॅन्सरपर्यंत आलेली पाहिली आहे. ठणका दोन दिवसांचा असतो, मिश्री सुटत नाही.

धुरी म्हणजे भुईरिंगणीच्या बिया तापवून त्यांचा धूर तोंडात घ्यायचा आणि मग वाटीतल्या पाण्यात पडलेले 'किडे' बघायचे. ते बियांच्या आतले पांढरे तुकडे असतात. कवळी लावलेल्या आजोबांना धुरी दिली तरी पडतील. दोष थोडा आपल्या भाषेचाही आहे. 'दाढ किडली' म्हटलं की डोळ्यांपुढे अळी येते. प्रत्यक्षात साखरेपासून आम्ल तयार करणारे, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात.

५. मेडिकलवाल्याने तीन दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. फरक का पडत नाही?

कारण नस सुजलेली असते तेव्हा अँटिबायोटिक दुखणं थांबवत नाही, आणि नस मेलेली असते तेव्हा दाढेच्या आत रक्तच जात नाही, मग औषध कोण पोचवणार? अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: ताप, पसरणारी सूज असं काही नसेल तर अँटिबायोटिक नको, दाढेवर उपचार करा. तुम्हाला बरं वाटलं असेल तर ते सोबतच्या वेदनाशामक गोळीने. खरं सांगायचं तर ही पुडी अनेकदा आमच्याच दवाखान्यातून निघते. दाढ उघडायला पाऊण तास लागतो, चिठ्ठी लिहायला पाऊण मिनिट.

६. आठवडाभर जीव नकोसा झाला होता आणि परवापासून अचानक दुखायचं थांबलं. बरी झाली ना?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, तोही सुटकेच्या हसऱ्या सुरात, त्यामुळे उत्तर देताना वाईट वाटतं. जी नस ओरडत होती ती मेली. आता ती आत कुजते, जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. काही आठवड्यांनी किंवा वर्षांनी हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, पू येतो, परत बसते. दुखत नाही म्हणून माणूस येत नाही. ऊसतोडीला गेलेल्या माणसांत हे दर हंगामात दिसतं. दिवाळीनंतर फडावर दाढ ठणकते, मुकादमाकडून उचल घेतलेली असल्यामुळे काम सोडता येत नाही, गोळ्यांवर निभावतं, मग थांबतं. घरी परततात तेव्हा सिमेंट भरून वाचली असती ती दाढ काढायच्या लायकीची उरलेली असते.

७. सकाळची वाट न बघता मोठं हॉस्पिटल कधी गाठायचं?

जबड्याखाली किंवा जिभेखाली घट्ट सूज, थुंकी गिळता न येणं, आवाज बदलणं, श्वासाला त्रास, डोळा मिटेल इतका सुजलेला गाल, थंडी वाजून ताप, किंवा तोंड दोन बोटंही न उघडणं. यांतलं एकही असेल तर दातांच्या छोट्या दवाखान्यासमोर ताटकळू नका. जिल्हा रुग्णालय किंवा मोठं हॉस्पिटल गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. मधुमेह असेल तर यांतलं लक्षण सौम्य असतानाच निघा. दाढेचा पू मानेत उतरून श्वासनलिका दाबू शकतो, आणि ते काही तासांत होतं.

सुपारी-गुटखा खाणाऱ्यांचं तोंड महिनोन्‌महिने हळूहळू कमी उघडत जातं ते वेगळं. तेही दाखवायचंच, पण दिवसा.

८. काढून टाकू की रूट कॅनाल करू? आई म्हणते वरची दाढ काढली की नजर जाते.

नजर जात नाही. बघण्याची नस वेगळी आणि दातांची वेगळी. वरच्या दाढेला भूल दिल्यावर फार क्वचित थोडा वेळ दोन-दोन दिसतं, भूल उतरली की जातं. चाळिशीत दाढा काढायची वेळ येते आणि चष्म्याचीही, त्यातून ही समजूत निघाली असावी.

मुळं घट्ट असतील आणि वर पुरेसा दात शिल्लक असेल तर वाचवा. मधली दाढ काढली की शेजारची कलते, समोरची लांबते आणि चावण्याची घडी बिघडते. अक्कलदाढेची गोष्ट निराळी. ती वाकडी असून वरचेवर हिरडी सुजवत असेल तर काढलेली बरी. आणि परवडत नसेल तर काढा. कुजणारी दाढ तोंडात ठेवण्यापेक्षा ते शहाणपणाचं आहे. 'काढायला आलात म्हणजे अडाणी' असा चेहरा करणारा डॉक्टर भेटला तर दवाखाना बदला.

९. मला भूल चढतच नाही. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही उगाच घाबरता." खरंच मनाचे खेळ आहेत का?

नाहीत. भयंकर सुजलेल्या नसेवर, विशेषतः खालच्या दाढांत, भूल खरोखर कमी चालते. सुजलेल्या भागात आम्लता वाढलेली असते आणि नसही जास्त चिडलेली असते. आमच्या पुस्तकांत हे छापलेलं आहे. ओठ पूर्ण बधिर आणि तरी दाढेला लावलं की वीज, हे होऊ शकतं.

खालच्या दाढेच्या इंजेक्शनला दहा-पंधरा मिनिटं द्यावी लागतात. बाहेर आठ पेशंट बसलेले असले की ती तीन होतात. त्यावर इलाज आहेत: पुन्हा एक इंजेक्शन, दाढ आणि हाड यांच्या फटीत भूल, थेट नसेत भूल, किंवा त्या दिवशी थांबून नस शांत करणारं औषध भरणं. सुरुवातीलाच ठरवून घ्या: "मी डावा हात वर केला की तुम्ही थांबायचं." हात वर केल्यावरही न थांबणाऱ्याच्या खुर्चीतून उठायचा तुम्हाला हक्क आहे. पहिल्या अशा अनुभवानंतर वीस वर्षं दातांच्या दवाखान्याची पायरी न चढलेली माणसं मला भेटतात, आणि त्यांचं तोंड बघून राग त्यांचा येत नाही.

१०. रूट कॅनाल करूनही दुखतंय. पैसे पाण्यात गेले का?

किती दिवस झाले त्यावर आहे. दोन-तीन दिवस चावताना दुखणं नेहमीचं. दात मिटताना तीच दाढ आधी लागत असेल तर भरलेलं सिमेंट उंच आहे. घासून पाच मिनिटांत बरं होतं, गोळ्या कसल्या घेताय.

आठवडे लोटले तरी ठणका किंवा पू असेल तर आत काहीतरी राहिलं आहे. नस मुळांतल्या बारीक नळ्यांतून जाते. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेत बऱ्याचदा चौथी नळी असते, बारीक, आडोशाला. ती न सापडताच दाढ बंद केली तर जंतू आतच. नळीत भरलेला गटापर्चा (रबरासारखा पदार्थ) मुळाच्या टोकापर्यंत पोचला नसेल तरीही तेच. म्हणून शेवटचा एक्स-रे मागा. पांढरी रेघ मुळाच्या टोकाजवळ जाते की अर्ध्यात संपते हे तुम्हालाही दिसेल. काम चालू असताना दाढेभोवती रबराचा पडदा लावला होता का, तेही आठवा. तो थुंकी आत जाऊ देत नाही. आपल्याकडे तो कंटाळ्याने टाळला जातो. वेळ जातो, दुसरं काय.

आणखी एक: रूट कॅनाल झालं, दुखायचं थांबलं, कॅप बसवायची राहून गेली. ही चूक पेशंटची. पोकळ झालेली दाढ चिक्कीने किंवा सुपारीने उभी चिरते आणि मग काढावीच लागते. बिघडलेलं रूट कॅनाल पुन्हा करता येतं. रूट कॅनालमध्ये एमडीएस (दातांच्या डॉक्टरांची पदव्युत्तर पदवी) केलेल्या डॉक्टरकडे जा.

११. डॉक्टरांनी सांगितलं, "सुई आत तुटली." हा हलगर्जीपणा नाही का?

केवळ तुटणं म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. वाकड्या नळीत फाइल (नळी साफ करायची बारीक सुई) तुटते, माझ्याही हातून तुटली आहे. काही वेळा ती काढता येते, काही वेळा तशीच ठेवून दाढ वर्षानुवर्षं चालते. लपवणं मात्र चूक. तुम्हाला सांगितलं, कागदावर लिहून दिलं, तर डॉक्टर सरळ आहे असं समजा.

१२. एकाने सहा दाढा 'खराब' सांगितल्या, दुसऱ्याने दोन. विश्वास कोणावर ठेवू?

जो एक्स-रेवर बोट ठेवून दाखवतो त्याच्यावर. तीन गोष्टी विचारा: कोणती दाढ, तिच्यात काय दिसतं, आणि सहा महिने काही केलं नाही तर काय होईल? दाढेचा नंबर कागदावर लिहून घ्या. ३६ म्हणजे खालची डावी पहिली मोठी दाढ, ४६ म्हणजे उजवी. हे नंबर लक्षात ठेवले की दुसऱ्याचं मत घेणं सोपं जातं.

सगळा फरक लबाडीचा नसतो. सुरुवातीच्या काळ्या रेघेला एक जण भरतो, दुसरा नजर ठेवतो. दोघंही बरोबर असू शकतात. पण 'मोफत तपासणी शिबिरा'त टॉर्च मारून सहा रूट कॅनाल काढणारा आणि 'आजच पैसे भरलेत तर सूट' म्हणणारा, यांच्यापासून लांब राहा. ठणका, सूज किंवा मार लागलेला दात सोडला तर दातांचं कुठलंच काम आजच्या आज करावं लागत नाही.

हत्यारांबद्दलही संकोच न करता विचारा. ती बंद पाकिटातून तुमच्यासमोर निघायला हवीत. ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातून) गेल्यावर पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलतो, तो बघा. नुसतं उकळणं किंवा स्पिरिटने पुसणं पुरेसं नाही.

१३. खासगीत परवडत नाही. चांगलं काम स्वस्तात कुठे होतं?

सरकारी दंत महाविद्यालयं: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालयही आहे. खासगी महाविद्यालयांतही बाहेरच्यापेक्षा कमी खर्च येतो. विद्यार्थी काम करतात, पण प्रत्येक टप्पा शिक्षक तपासतात, आणि त्या विद्यार्थ्याला घाई नसते. किंमत वेळेने मोजायची: चार-पाच खेपा, सकाळी लवकर केसपेपरची रांग. जिल्हा आणि अनेक उपजिल्हा रुग्णालयांतही दंतविभाग असतो. तिथे दाढ काढणं हमखास होतं, रूट कॅनालचं आधी विचारून जा. आरोग्य विम्यावर भिस्त ठेवू नका. अपघात सोडून बाह्यरुग्ण दंतोपचार बहुतेक पॉलिसींत नसतात.

१४. दाढ काढली, तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जास्त दुखतंय. काही आत राहिलं का?

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरू झालेला, कानापर्यंत जाणारा ठणका आणि तोंडाला घाण वास म्हणजे बहुधा खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलं आहे. सतत थुंकणं, जोरात गुळण्या, विडी-सिगारेट यांनी ते होतं. डॉक्टर खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात, तासाभरात फरक पडतो. तुमचा दोष असो-नसो, परत जायला लाजू नका.

दुसरी शक्यता सांगायला आम्हाला आवडत नाही: चुकीची दाढ. मी बारावीत असताना माझी शेजारची, धड दाढ काढली गेली. एक्स-रे नव्हता, मी बोट दाखवलं आणि त्यांनी ओढली. त्याच रात्री तोच ठणका, त्याच जागी. दुसऱ्या दिवशी वडील भांडायला गेले तर "मुलीनेच दाखवली" हे उत्तर. दुखणारी दाढ पेशंटला ओळखता येईलच असं नाही. वरची दुखत असताना खालची वाटते, हे मला कॉलेजात शिकवलं गेलं तेव्हा मी वर्गात मोठ्याने हसले होते.

१५. तीन डॉक्टरांनी सांगितलं दाढा ठीक आहेत. मग हे दुखणं कसलं?

सर्दीनंतर वरच्या मागच्या तीन-चार दाढा एकदम जड, वाकलं की जास्त: सायनस बघा.

चेहऱ्याला वारा लागला, तोंड धुतलं, दाढी केली की काही सेकंदांची वीज, मग काही नाही, आणि रात्री झोपेत शांत: हे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं असू शकतं. मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. अशा माणसांच्या धडधाकट दाढा एकामागून एक काढल्या जातात आणि दुखणं तिथेच राहतं. निदानाशिवाय 'काढून बघू' म्हणणाऱ्याला नाही म्हणा.

चढ चढताना जबडा दुखतो, बसलं की थांबतो, सोबत घाम किंवा छातीत दडपण: हृदय. त्याच दिवशी ईसीजी.

१६. पाचवा महिना आहे. दाढेचं काम करता येईल?

येईल. चौथा ते सहावा महिना सोयीचा, पण पू झाला असेल तर कोणत्याही महिन्यात. नेहमीची भूल चालते, गरज असल्यास शिशाचा एप्रन घालून एक्स-रेही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. 'बाळंतपण होऊ दे, मग बघू' यात चार महिने उपाशी-जागी राहण्यात बाळाचं कसलं भलं?

१७. रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. दाढ काढायची म्हणून आठवडाभर बंद केली, बरोबर ना?

चूक, आणि धोक्याची. स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. साधी एक दाढ बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच काढतात, टाके आणि दाब देऊन रक्त थांबवतात. निर्णय हृदयाचे डॉक्टर आणि दातांचे डॉक्टर बोलून घेतील. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कॅन्सरसाठी इंजेक्शनं घेत असाल तर तेही सांगा. काही औषधांनंतर दाढ काढलेल्या जागी जबड्याचं हाड भरून येत नाही.

१८. सात वर्षांच्या मुलाची दाढ किडली आहे. दुधाची आहे, पडणारच, मग खर्च कशाला?

आधी खात्री करा की ती दुधाची आहे. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे कायमची पहिली दाढ येते. त्यासाठी कोणताच दात पडत नाही, म्हणून आईवडिलांना ती आल्याचं कळतही नाही. ती गेली की गेली. खऱ्या दुधाच्या दाढाही दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. तोवर पोर एकाच बाजूने चावणार का? गोळी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉलची. घरातली निमेसुलाइड नको; बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ती २०११ पासून बंद आहे.

१९. डिसेंबरात परदेशातून दोन आठवड्यांसाठी पुण्याला येतोय. सगळं उरकेल का?

एक रूट कॅनाल आणि कॅप उरकते, पण उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात केली तर. लग्न, देवदर्शन, मग शेवटचे तीन दिवस दात, असं करू नका. जाताना एक्स-रे आणि केलेल्या कामाचा कागद इंग्रजीत घ्या, नाहीतर तिकडचा डॉक्टर हात लावत नाही. पू झालेला असताना विमानात बसू नका. प्रश्न ७ मधलं काही आकाशात सुरू झालं तर उतरायला जागा नाही.

२०. काम बिघडवलं आणि आता फोन उचलत नाहीत. तक्रार कुठे?

आधी कागद गोळा करा: पावत्या, एक्स-रे, मेसेज, आणि दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत. शेवटचं मिळवणं अवघड जातं. आम्ही एकमेकांविरुद्ध लिहायला कचरतो. म्हणून 'आज तोंडात काय दिसतं तेवढं लिहा' असं मागा. दोष कुणाचा ते लिहायला सांगू नका.

वागणूक किंवा बोगस पदवीची तक्रार महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे. पैसे आणि भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. पैसे देऊन घेतलेले वैद्यकीय उपचार ग्राहक कायद्यात येतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलं. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. माहितीसाठी १९१५ वर फोन करा. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात अशा रुग्णालयाविरुद्ध मात्र हा रस्ता चालत नाही.

२१. दाढेचा फोटो पाठवला तर सांगाल का काय झालंय?

फोटोत खड्डा दिसतो, मूळ दिसत नाही. पाठवायचाच तर एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरून काढा आणि सोबत चार गोष्टी लिहा: कधीपासून, गरमाने की गाराने, सूज आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. रात्री दोनला पाठवलेला मी सकाळी साडेआठला बघते. तोपर्यंत प्रश्न ३.